मढ्याच्या टाळूवरचं लोणी नक्की कुणाच्या वाट्याला येतं?

पाचपाखाडीकर
नट गेला की त्याचा राहिलेला सिनेमा ‘अखेरची भूमिका’ असं पोस्टर लावून येतो. ठाण्यात आमच्या सिनेमंडळात पुढच्या रविवारी यावर चर्चा आहे. सहानुभूतीच्या लाटेबद्दल सगळेच बोलतात, मला हिशेब हवाय. अर्धवट काम पुरं कसं करतात, तिकिटातले पैसे कुठे जातात आणि घरच्यांच्या हाती काय पडतं?

घोडबंदर_एडिट
फक्त डबिंग राहिलं असेल तर निभावतं. सेटवरचा आवाज स्वच्छ असला तर तोच साफ करून वापरतात, नसला तर दुसऱ्याचा गळा. पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ ला गेले आणि ‘जेम्स’ १७ मार्च २०२२ ला, त्यांच्या वाढदिवशी लागला. तेव्हा आवाज थोरले भाऊ शिवराजकुमार यांचा होता. पुढच्याच महिन्यात सॉफ्टवेअरने घडवलेल्या पुनीत यांच्या आवाजातली प्रत आली. त्याच सिनेमाचं तिकीट दुसऱ्यांदा विकायला एवढं कारण पुरलं!

शूटिंग राहिलं असेल तर उरलेल्या सीनचे तीन ढीग करतात: उडवता येतील ते, दुसऱ्या पात्राच्या तोंडी घालता येतील ते आणि चेहऱ्यावाचून अडतात ते. पैसा तिसऱ्यात जातो. पाठमोरा डुप्लिकेट, खांद्यावरून घेतलेले शॉट, आधीच्या टेकमधले समोरच्याचं ऐकत असतानाचे क्लोजअप, अशी जोडाजोड चालते. ती फसते ती बहुधा प्रकाशाच्या दिशेमुळे. जुन्या क्लोजअपवर उजेड डावीकडून आणि नवा शॉट उजवीकडून उजळलेला, की शिवण उघडी पडते. म्हणून कंटिन्युइटीच्या नोंदी (कुठल्या शॉटमध्ये उजेड, कपडे, वस्तू कशा होत्या त्या) आणि लेन्सचे आकडे फेकायचे नाहीत.

‘फ्युरिअस ७’ मध्ये पॉल वॉकर यांच्या दोन भावांना उभं करून संगणकावर चेहरा बसवला. ‘शर्माजी नमकीन’मध्ये ऋषी कपूर यांची उरलेली भूमिका सरळ परेश रावल यांनी केली. मला दुसरा मार्ग जास्त पटतो. स्वस्तही आणि लपवाछपवी नाही.

वाशी_शोटाइम
हिशेब असा. तिकीट ३०० रुपये. १८ टक्के जीएसटी वजा केला की २५४ उरतात. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांत समझोता झाला, त्यानुसार वितरकाचा, म्हणजे निर्मात्याच्या बाजूचा, वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग ४२.५, ३७.५ आणि चौथ्यात ३०, उरलेलं थिएटरचं. म्हणजे पहिल्या आठवड्यात १२७ रुपये आणि महिनाभराने त्याच खुर्चीचे ७६. मृत्यूने वाढतं ते ओपनिंग, आणि वितरकाचा वाटाही तेव्हाच सर्वांत मोठा. वाढदिवस नाहीतर स्मृतिदिन गाठायची धडपड त्यासाठीच. इरफान यांचा ‘द साँग ऑफ स्कॉर्पिअन्स’ भारतात २८ एप्रिल २०२३ ला लागला, तिसऱ्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी.

ओटीटीचं गणित निराळं. तिथे बहुतेक सौदे ठोक रकमेचे, हप्ते सही, डिलिव्हरी आणि तांत्रिक तपासणीवर. किंमत ठरून गेल्यावर कितीही लोकांनी पाहिला तरी निर्मात्याला जादा काही नाही, गर्दीचा फायदा प्लॅटफॉर्मचा. ‘दिल बेचारा’ सुशांतसिंह राजपूत गेल्यावर ४० दिवसांनी आला, तोही वर्गणी न भरणाऱ्यांनाही फुकट. तिथे कमाई तिकिटाची नव्हतीच, नव्या प्रेक्षकांची होती.

नेरुळ_करारनामा
घरच्यांचं बघू. मानधन हप्त्यांत असतं आणि शेवटचा हप्ता पुष्कळदा डबिंग संपल्यावर. नट त्याआधी गेला तर नेमका तोच अडकतो: ‘काम पूर्ण झालं नाही’. आधी कराराची प्रत शोधा. मग आयकर पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून २६एएस (कापलेल्या कराचा तक्ता) काढा. टीडीएस, म्हणजे मानधन देतानाच कापलेला कर, १० टक्के, म्हणून त्या आकड्याला दहाने गुणलं की निर्मात्याने कागदावर किती रक्कम दाखवली ते कळतं. करार आणि हा आकडा यांत फरक दिसला तर लेखी मागणी करा. वसुलीच्या दाव्याला मुदत साधारण तीन वर्षं, त्यामुळे तेराव्यानंतर लगेच नको, पण वर्षश्राद्धापर्यंत थांबूही नका.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८अ नुसार नटाने लेखी संमती दिली की निर्मात्याला अडवता येत नाही, व्यावसायिक वापरावर रॉयल्टीची तरतूद मात्र आहे. चेहरा आणि नावाचं म्हणाल तर सुशांत यांच्या वडिलांनी त्यांच्यावरच्या सिनेमाविरुद्ध केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं की प्रसिद्धीचा आणि खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसाकडे जात नाही. कॅलिफोर्नियात तो मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. म्हणून आपल्याकडे आवाज आणि चेहरा पुन्हा घडवायला संमती कुणाची लागेल, हे करारातच लिहून घ्यावं.

पाचपाखाडीकर
आणि विमा?

नेरुळ_करारनामा
कलाकारविमा (नट आजारी पडला किंवा गेला तर म्हणून निर्माता काढतो तो) जादा खर्च देतो, बुडालेला नफा नाही. आजार लपवला असेल तर दावा बाद. सिनेमा सोडूनच द्यावा लागला तर झालेला खर्च देऊन विमा कंपनी सिनेमाचा माल, म्हणजे चित्रण आणि हक्क, ताब्यात घेऊ शकते. टेरी गिल्यम यांच्या डॉन किहोटेवरच्या सिनेमाचं शूटिंग २००० मध्ये नट आजारी पडल्याने बंद पडलं, तेव्हा पटकथेचे हक्क कैक वर्षं विमावाल्यांकडेच अडकून होते.