मदत हवी आहे: मैत्री, माया आणि प्रेम मुलांना कसं समजवावं?

नमस्कार मंडळी. डिचोलीत आमच्या वाचनालयात चतुर्थीनंतर अकरावी-बारावीच्या मुलांशी ‘प्रेमाचे प्रकार’ यावर तासभर गप्पा मारायच्या आहेत. विषय मुलांनीच सुचवलाय, त्यामुळे काही पालक बिचकलेत!

अ‍ॅरिस्टॉटलने सांगितलेली मैत्रीची तीन रूपं घेणार आहे: कामापुरती, मजेपुरती आणि माणूस चांगला आहे म्हणून टिकणारी. शिवाय मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांचा १९८६चा, प्रेमाच्या तीन घटकांचा त्रिकोण: जवळीक, ओढ, बांधिलकी. नुसती जवळीक म्हणजे मैत्री, तिन्ही असतील तर परिपूर्ण प्रेम. नुसती ओढ म्हणजे भुरळ, आणि हे त्या वयात गळी उतरवणं महाकठीण.

माझं घोडं अडलंय मायेपाशी. आमच्या शेजारच्या आजी नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या पाठवतात, आणि डबा रिकामा परत गेलेला त्यांना खपत नाही. ना नातं, ना मैत्री. ही माया त्रिकोणात कुठे बसवू? बांधिलकीत घालणं मला तरी ओढूनताणून वाटतं.

कुणी मुलांसोबत असा तास घेतलाय का? सुरुवात कशाने केलीत? एकतर्फी प्रेमाचा प्रश्न आला तर काय सांगता? उपदेश नको, अनुभव सांगा.