मदत हवी आहे : अँप्लिफायरच्या डाव्या चॅनलवर डीसी व्होल्टेज

वापरलेला स्टिरिओ पॉवर अँप्लिफायर घेतला असून त्याचा प्रोटेक्शन रिले (बिघाड असल्यास स्पीकर जोडू न देणारा स्विच) चालूच होत नाही. स्पीकर काढून आणि जास्त करंट रोखण्यासाठी मेन्सच्या सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून तपासले असता बल्ब क्षणभर उजळून मंदावतो; सप्लाय ±४२ व्होल्ट मिळतो, रिलेच्या आधी उजव्या चॅनलवर जेमतेम १२ मिलिव्होल्ट डीसी येते, डाव्यावर मात्र तब्बल ३९ व्होल्ट (खरे तर ते शून्याच्या जवळ हवे). डावे आउटपुट ट्रान्झिस्टर सुटे करून मोजले. ते शॉर्ट नाहीत आणि ०.२२ ओहमचे एमिटर रेझिस्टरही शाबूत आहेत. म्हणून संशय इनपुटच्या डिफरन्शियल जोडीवर (इनपुट आणि फीडबॅकची तुलना करणारे दोन ट्रान्झिस्टर) किंवा ओपन झालेल्या फीडबॅक रेझिस्टरवर (आउटपुटचा अंश त्या जोडीकडे परत नेणारा) आहे, कारण तेथे बोर्ड तपकिरी पडला आहे. आता उजव्या चॅनलशी ताडून एकेका ठिकाणचे व्होल्टेज मोजावे, की आधी ड्रायव्हर ट्रान्झिस्टर (आउटपुट ट्रान्झिस्टरना चालवणारे) काढून तपासावेत? इतक्या उत्तम बांधणीचा अँप्लिफायर भंगारात जाऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.