आकडा नक्की कशाचा, ते आधी बघा

या चर्चेत एक जण म्हणतात भरवशाच्या रेटिंगमध्ये खाली असलेली लक्झरी गाडी घेऊच नका, दुसरे म्हणतात माझी तीच गाडी तीन वर्षं बिनतक्रार पळतेय, रेटिंग भंकस. दोघांचंही खरं असू शकतं राव.

जे. डी. पॉवर या अमेरिकन सर्व्हे कंपनीचा डिपेंडेबिलिटी (गाडी किती भरवशाची) सर्व्हे अमेरिकेत तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मूळ मालकांना विचारून होतो. दर 100 गाड्यांमागे किती तक्रारी, एवढंच मोजतात. 2024 मध्ये सरासरी 190 होती आणि पहिली आलेली लेक्सस 135 वर. म्हणजे अव्वल गाडीतही सरासरी एकाहून जास्त तक्रार! त्यात फोन ब्लूटूथला जोडला जात नाही ही एक तक्रार, आणि गिअरबॉक्स बसला तरी एकच. लक्झरी गाड्यांत स्क्रीन, सेन्सर, कॅमेऱ्यांची नुसती खोगीरभरती, मग आकडा फुगणारच. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही अमेरिकेतली ग्राहक संस्था निदान इंजिन-गिअरबॉक्सच्या बिघाडाला जास्त वजन देते, पण तेही तिकडचंच.

आपल्याकडे खिसा भलतीकडेच कापला जातो. मेहुण्याच्या जर्मन सेडानला (ब्रँड लिहीत नाही) इंजिनाचा त्रास शून्य. पण पावसाळ्यात खड्ड्यात आपटली आणि रन-फ्लॅट टायरला (पंक्चर झाला तरी थोडं अंतर चालतो तो) बाजूने लिंबाएवढा फुगा आला. डिकीत स्टेपनी नाही, त्या साइजचा टायर गावात नाही, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. हे कुठल्या रेटिंगमध्ये येणार? घ्यायचीच असेल तर एक्स्टेंडेड वॉरंटी आणि टायरच्या विम्याचं कोटेशन बुकिंगआधी लेखी मागून घ्या.