आठवा आठवडा : दिवसभराची मळमळ आणि मनातली धास्ती

प्रश्न (चोपड्याची सूनबाई)

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहते. मला पहिल्यांदाच दिवस गेले आहेत आणि आठवा आठवडा सुरू आहे. सकाळी उठताच उमासे येऊ लागतात आणि रात्रीपर्यंत पाठ सोडत नाहीत. काळ्या मसाल्यासाठी कांदा-खोबरे भाजायला घेतले की पोटात ढवळून येते, आणि सासर-माहेर दोन्हीकडे रोजची असलेली कळण्याची भाकरी तर आता समोरही नकोशी वाटते. ओटीपोटात पाळीच्या आधी लागते तशी ओढ अधूनमधून जाणवते. दोन दिवसांपूर्वी मळमळ एकदम कमी झाली, तेव्हा बरे वाटण्याऐवजी बाळाचे काही बरेवाईट तर झाले नसेल ना, या विचाराने रात्रभर झोप लागली नाही. सासूबाई मायेने सगळे करतात, पण पिकलेली पपईसुद्धा घरात येऊ देत नाहीत. यातले काय मनावर घ्यावे आणि कशासाठी लगेच दवाखाना गाठावा, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद (भुसावळकर)

ताई, रिकाम्या पोटी मळमळ वाढते, म्हणून रात्री उशाशी दोन-चार टोस्ट किंवा मूठभर मुरमुरे ठेवा, अंथरुणातच ते सावकाश खा आणि थोड्या वेळाने उठा. दोन वेळा पोटभर जेवण्याऐवजी दर दोन तासांनी थोडे-थोडे खावे. गरम पदार्थाचा वास जास्त येतो, त्यामुळे निवलेला दही-भात, केळे, उकडलेला बटाटा यांपैकी जे पोटात टिकेल ते खा. काही आठवडे कळण्याची भाकरी खाल्ली नाही म्हणून बाळाचे काही अडत नाही. सध्या आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा पाणी, लिंबू सरबत, पातळ ताक घोटा-घोटाने दिवसभर घेत राहा. एकदम तांब्याभर प्यायल्यास तेच उलटून पडते.

प्रतिसाद (निवृत्त आरोग्य सेविका, शहादा)

ताई, तुमच्या मनातल्या भीतीबद्दल आधी लिहिते. मळमळ एखाद्या दिवशी वाढते, एखाद्या दिवशी कमी होते आणि एवढ्यावरून बाळाबद्दल कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. बहुतेकींना नवव्या आठवड्याच्या सुमारास ती सर्वाधिक असते व चौथा महिना लागता-लागता ओसरते. पाळीसारखी सौम्य ओढही गर्भाशय वाढत असल्यामुळे लागते. सुरुवातीच्या काळात गर्भ टिकत नाही तेव्हा बहुतेक वेळा त्याचे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते. बाईने कोणते काम केले किंवा काय खाल्ले, हे नसते. ही गोष्ट घरातल्या सर्वांनी ऐकावी अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण विनाकारण दोष घेऊन झुरणाऱ्या कितीतरी सुना मी पाहिल्या आहेत.

आता दवाखाना कधी गाठायचा ते सांगते. पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी गडद पिवळी होऊन आठ-आठ तास होत नसेल, उठल्यावर घेरी येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर सलाइनची गरज पडू शकते. थोडेसे डाग अनेकींना दिसतात आणि पुढे सगळे सुरळीत पार पडते, तरीही ते डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावेत. जास्त रक्तस्राव, ओटीपोटात एकाच बाजूला तीव्र कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणे किंवा भोवळ यांपैकी काहीही झाल्यास रात्र आहे म्हणून थांबू नका, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असल्यास जिवाला धोका असतो. १०८ ला फोन करा. ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर लघवीची तपासणी लागते.

पिकलेल्या पपईची भीती बाळगू नका. टाळायची ती कच्ची, चिकाची. फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र रोज घ्या. आशाताईंकडे नोंदणी झाली नसेल तर या आठवड्यातच करा आणि रक्त तपासताना सिकलसेलची चाचणीही मागून घ्या. सातपुड्याच्या पट्ट्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, म्हणून ती लवकर झालेली बरी.

प्रतिसाद (अमळनेरचा वाचक)

गेल्या वर्षी आमच्या घरी हाच त्रास होता. मसाला भाजण्याचे काम मी अंगणातल्या चुलीवर करू लागलो आणि पत्नीचा निम्मा त्रास तिथेच कमी झाला. यजमानांना हे अवश्य वाचून दाखवावे.

चोपड्याची सूनबाई

सर्वांची मनापासून आभारी आहे. मावशी, आणखी दोन शंका आहेत. डॉक्टरांनी उलटीवर गोळी लिहून दिली आहे, पण बाळाला बाधेल या भीतीने ती घेतलेली नाही. शिवाय सोनोग्राफीसाठी जळगावला मोटारसायकलवर गेले तर चालेल का?

निवृत्त आरोग्य सेविका, शहादा

त्या गोळीत डॉक्सिलामिन आणि बी-६ जीवनसत्त्व असेल तर निर्धास्त घ्या. गरोदरपणातल्या उलट्यांसाठी ती अनेक दशकांपासून दिली जाते. तिने झोप येते, म्हणून सहसा रात्री घ्यायला सांगतात. दुसरे काही लिहिलेले असेल तर डॉक्टरांनाच विचारा, दुकानातून परस्पर औषध बदलू नका. प्रवासाने गर्भ पडत नाही, पण खड्ड्यांत गाडी घसरण्याची भीती आणि डोक्यावरचे ऊन पाहता सकाळची एसटी बरी. सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत तरी लगेच धीर सोडू नका; पाळीची तारीख मागे-पुढे असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहतात. आणि रिपोर्ट चांगला येऊनही काळजीने झोप उडालेलीच राहिली, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर बोला. तिथे मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.