मदत हवी आहे: राज्यात दारू पिणारे खरंच कमी झालेत का? महिला ग्रामसभेसाठी आकडे समजून घ्यायचे आहेत

माळरान

नमस्कार मंडळी. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. गावातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आम्ही बायका महिला ग्रामसभेत विषय घेणार आहोत. तालुक्याच्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा एका अधिकाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा कागद पुढे सरकवला. २०१५-१६ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २०.५ टक्के पुरुष दारू पिणारे होते, २०१९-२१ च्या पाहणीत ते १३.९ टक्क्यांवर आले. "ताई, दारू कमीच होत चालली आहे की," असं म्हणून त्यांनी पुढचा विषय घेतला.

कागद मी घरी आणला. आकडे त्यावर छापलेलेच आहेत, पण आमच्या गावात हे कुठे दिसत नाही. देशीचं दुकान सकाळी उघडायच्या आधी माणसं पायरीवर बसलेली असतात. हायवेच्या ढाब्यांवर चोरून मिळते. ओढ्याकडेला हातभट्टी आहे ती वेगळीच. गेल्या काही वर्षांत विधवा झालेल्या तरण्या बायकांची नावं घ्यायला बसलो तर बोटं पुरत नाहीत. आता अकरावी-बारावीची पोरं गोळ्या खातात म्हणून कानावर येतंय. तालुक्याला कुणी "एमडी" विकतं असंही म्हणतात.

मला कुणाशी भांडायचं नाही, पण पुढच्या वेळी तो कागद समोर आला तर धड उत्तर देता यायला हवं. हा आकडा कसा वाचायचा? राज्याचं चित्र सांगणारं दुसरं काही आहे का? गोळ्या-पावडरीची मोजणी कुणी केली आहे का? आणि उद्या दुकान बंद झालंच, तर जी माणसं रोज पितात त्यांचं काय करायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

आकडेमोड

माळरानताई, आरोग्य पाहण्यांची माहिती तपासण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते शेजारी शेजारी ठेवायचे नाहीत.

२०.५ हा आकडा १५ ते ४९ वयाच्या पुरुषांचा आहे. त्या पुरुषाला स्वतःला, वेगळं बसवून विचारलेला. १३.९ हा १५ आणि त्यापुढच्या सगळ्या पुरुषांचा आहे आणि तो घराच्या यादीवरून काढलेला आहे. म्हणजे दारात आलेल्या ताईंनी घरातल्या एका माणसाला सगळ्यांबद्दल विचारलं: अमका दारू पितो का, तमका पितो का? आता सासूबाई मुलाबद्दल परक्या माणसाला काय सांगतील? बाप कॉलेजातल्या पोराबद्दल काय सांगेल, आणि त्याला ठाऊक तरी असेल का?

देशाचे आकडे पाहिले की हा फरक उघड दिसतो. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत १५-४९ च्या पुरुषांना थेट विचारलं तेव्हा सुमारे २२ टक्के आले, घराच्या यादीवरून १५ च्या पुढचे सगळे घेतले तेव्हा सुमारे १९. पाहणी एकच, तरी विचारायची रीत आणि वयोगट बदलला की आकडा हलतो.

मात्र "घट झालीच नाही" असं ठामपणे म्हणू नका. देशात सारख्या वयोगटाला सारखं लावलं तरी २९ वरून २२ अशी घट दिसते. राज्याच्या सविस्तर अहवालात १५-४९ चा आकडा स्वतंत्र असतो, तो काढून २०.५ शेजारी ठेवा. तो खाली गेलेला दिसला तर तसं मान्य करा, म्हणजे तुमचं बाकीचं म्हणणंही ऐकून घेतलं जाईल.

खरी मेख पुढे आहे. या पाहणीतली टक्केवारी फक्त "पितो की नाही" एवढंच सांगते. लग्नात वर्षातून एकदा बिअर घेणारा आणि दुकानाच्या पायरीवर उजाडण्याची वाट पाहणारा, दोघंही त्यात एकेकच. तुमच्या गावातल्या विधवा या टक्केवारीत येत नाहीत. त्यासाठी दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी बघा. त्यात १० ते ७५ वयाचे १४.६ टक्के भारतीय दारू पिणारे आढळले, म्हणजे साधारण १६ कोटी. त्यातला जवळपास प्रत्येक तिसरा माणूस घातक प्रमाणात पिणारा किंवा पूर्ण आहारी गेलेला होता. आणि आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसले ना कसले उपचार मिळाले होते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला १८० मागे एक.

बैठकीत मी असतो तर १३.९ वर वाद घातला नसता. आपल्या तालुक्यात या ३८ पैकी बाकीचे ३७ कुठे आहेत, एवढंच विचारलं असतं.

तेरेखोल

मी गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याजवळचा. महसुलाच्या आकड्याबद्दल थोडं. "उत्पादन शुल्क वाढलं म्हणजे पिणं वाढलं" असंही कुणी सांगेल, त्यालाही भुलू नका. राज्याने जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. एक थेंब जास्त न विकता तिजोरीत भर पडू शकते. उलट आमच्याकडे गोवा बनावटीची दारू रात्री गाड्यांतून येते, ती महाराष्ट्राच्या कुठल्याच हिशेबात नाही. हातभट्टीचा तर प्रश्नच येत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. ती दारू कुठल्या विक्रीच्या तक्त्यात होती?

वैनगंगा

आमच्याकडचा अनुभव सांगते. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून आणि चंद्रपुरात २०१५ पासून दारूबंदी. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठवली. बंदीच्या काळात चंद्रपुरातली अधिकृत विक्री शून्य. पण माणसं यवतमाळच्या हद्दीत जाऊन पीत, तेलंगणातून पेट्या येत. म्हणून काही लोक बंदी पूर्ण फसली म्हणतात. मला ते पटत नाही. गल्लीत दुकान असणं आणि पिण्यासाठी नदी ओलांडून जावं लागणं यात फरक आहे, आणि तो बाईला सगळ्यात आधी कळतो. संध्याकाळी नवरा कामावरून घरी येईपर्यंत वाटेत दुकान नसलं तर निम्मी मजुरी तरी घरी पोचते.

गडचिरोलीत बंदीच्या जोडीला काम झालं, हे मोलाचं. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने २०१६ पासून शासनाबरोबर 'मुक्तिपथ' चालवलं. गावाने स्वतः अहिंसक मार्गाने विक्री बंद करायची आणि आहारी गेलेल्यांना तालुक्यातच उपचार द्यायचे, अशी दोन्ही अंगं त्यात आहेत. आणि दारूबरोबर तंबाखूही. आमच्या विदर्भात खर्रा, तुमच्याकडे मावा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे तरी टपरीवर मिळतोच. तुमच्या ठरावात मावा जरूर घाला, पोरांची सुरुवात तिथूनच होते.

आडवी_बाटली

ताई, मतदानाची तयारी आत्तापासून करा. आम्ही यातून गेलो आहोत.

आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन द्यावं लागतं. राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्यांची पडताळणी करतो. सही जुळली नाही की नाव बाद, म्हणून चांगल्या शंभरभर सह्या जास्तीच्या घ्या. मग गुप्त मतदान, चिठ्ठीवर उभी बाटली (दुकान राहू द्या) आणि आडवी बाटली (दुकान बंद करा). इथे बऱ्याच गावांची फसगत होते ती अशी: आडव्या बाटलीला झालेल्या मतांपैकी निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. यादीत १२०० बायका असतील तर किमान ६०१ जणींनी येऊन आडवीवर शिक्का मारायला हवा. जी आली नाही ती दुकानाच्या बाजूने गेली असंच धरा.

तुमच्या भागातून ऊसतोडीला बायका जातात ना? मग दिवाळीनंतर ते गुढीपाडव्यापर्यंत तारीख लागू देऊ नका. अर्धी यादी कारखान्यावर असेल. लग्न होऊन गेलेल्या लेकींची आणि वारलेल्यांची नावंही आधी यादीतून काढून घ्या, नाहीतर तीही विरोधात मोजली जातात.

परिचारिका

मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात काम करते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण गाव नेमकं तेच विसरतं.

रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तुटली तर त्याचा जीव जाऊ शकतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास व्हायला लागतात, माणसं-किडे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही. लोक याला बाहेरची बाधा समजतात आणि देवऋष्याकडे नेतात. ही दवाखान्यात न्यायचीच अवस्था आहे. तिथे झटके थांबवणारी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी बी-१ द्यायला हवं, हे तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. आणि दारू नाही म्हणून माणूस काय पिईल त्याचा नेम नसतो. एप्रिल २०२१ मध्ये दुकानं बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले होते.

म्हणून दुकान बंद होण्याआधी रोज पिणाऱ्यांची यादी तयार ठेवा, ती चावडीवर लावायला नव्हे, आशाताईंच्या हातात द्यायला. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलि-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ हे दोन क्रमांक फलकावर लिहा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून सुरू आहे, तिथे फोन करून तुमच्या जवळ कोण आहे तेही विचारता येईल.

आणखी एक कळकळीची विनंती. "न सांगता भाजीत मिसळा, दारू सुटेल" अशा पुड्या मिळतात. त्यातलं औषध पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून मरू शकतो. बायकांना हे ग्रामसभेतच सांगा.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. ऊसतोडीचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आमच्या निम्म्या वस्त्या तेव्हा रिकाम्या असतात. गोळ्यांबद्दल कुणी सांगाल का? ज्या दोन घरांत हा त्रास आहे ते पोलिसांच्या भीतीने तोंड उघडत नाहीत. एकाने पोराला खासगी केंद्रात ठेवलं, तिथे मारलं म्हणून तो पळून आला.

परिचारिका

गोळ्या बहुतेक झोपेच्या किंवा चिंतेच्या असतात. मराठवाड्यात पोरं त्यांना "बटन" म्हणतात, मालेगावात "कुत्ता गोळी". चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी ठरावीक दुकानांतून सुटतात. याच्या जोडीला कोडीनचं खोकल्याचं औषध. लहान पोरांत पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर. या गोळ्याही एकदम तोडायच्या नसतात, फिट येते. डॉक्टर हळूहळू कमी करतात.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. २०१५ पर्यंत ते अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतही नव्हतं. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यातून शेकड्यांनी किलो पकडलं, म्हणजे ते आता मुंबईपुरतं उरलेलं नाही.

पोलिसांच्या भीतीचं: त्या कायद्यात कलम ६४ अ आहे. स्वतः सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार पुरे करायला हवेत. विकणाऱ्याला हे संरक्षण नाही. त्या दोन घरांना हे समजावून सांगा.

मारहाणीचं केंद्र असेल तर तक्रार करा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे आणि अशा केंद्राला नोंदणी लागते. पोराला ठेवण्याआधी नोंदणीचा कागद मागा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारा आणि घरच्यांना भेटू देतात का ते पाहा. "महिनाभर भेट नाही" म्हणाले तर परत फिरा.

आकडेमोड

मोजणीचा प्रश्न राहिला होता. एम्सच्या पाहणीत गांजा-भांग २.८ टक्के, अफूवर्गी पदार्थ २.१ टक्के, झोपेच्या गोळ्यांचा गैरवापर सुमारे १ टक्का असे देशाचे आकडे आहेत. हुंगायच्या पदार्थांत मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त निघालं, एवढं ध्यानात ठेवा. त्या पाहणीची माहिती २०१७-१८ मधली, त्यामुळे आजच्या एमडीचं चित्र त्यात शोधू नका. पोलिसांकडच्या गुन्ह्यांची संख्याही त्या जागी वापरू नका. मोहीम काढली की ती वाढते, थांबवली की उतरते.

गावाचा आकडा तुम्हीच काढा. "तुमचा नवरा पितो का" असं विचारू नका. गेल्या आठवड्याच्या मजुरीतले किती रुपये घरात आले, हे बाईला एकटीला विचारा. आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतून गेल्या वर्षातले पडून लागलेले, यकृताचे आणि विषबाधेचे रुग्ण डॉक्टरांना नावाशिवाय मोजून द्यायला सांगा. हे दोन कागद घेऊन बैठकीला जा.

माळरान

असंच करते. सर्वेक्षणाला बचत गटाच्या चौघी तयार आहेत, प्रश्न साधे ठेवून इथे टाकीन, आकडेमोडदादांनी एकदा नजर घालावी. ठरावात दुकान बंद करण्याबरोबर आरोग्य केंद्रात बी-१ ची इंजेक्शनं आणि महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञांची भेट, या दोन मागण्या घालतोय. जामखेड, आष्टी, पाथर्डी या पट्ट्यात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या) सभा किंवा घरच्यांसाठीचे गट कुठे नियमित भरत असतील तर कृपया वार आणि गाव कळवा.