महाधमनीच्या झडपेवरील साधी गाठ आणि पक्षाघाताचा धोका

प्रश्न :
गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी केलेल्या टू-डी इकोत माझ्या ६१ वर्षांच्या आईच्या महाधमनीच्या झडपेवर ११ मिलिमीटरची, हलणारी गाठ दिसली. अन्ननलिकेतून केलेल्या इकोनंतर ती पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा असावी, म्हणजे कर्करोगाची नसावी, असे डॉक्टरांनी सांगितले आणि तरीही शस्त्रक्रिया सुचवली. आईला कसलाच त्रास नाही. गाठ साधी असताना छाती उघडायची कशाला? रक्त पातळ करणारी गोळी पुरणार नाही का?

उत्तर १ :
मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. ‘साधी’ हे विशेषण गाठीच्या पेशींचे आहे, तिच्या जागेचे नाही. आखूड देठावर नाजूक झालरींचा झुबका असे तिचे रूप असते आणि प्रत्येक ठोक्याला झडप उघडली की त्या झालरी रक्ताच्या जोरदार झोतात हेलकावतात. एखादा तुकडा तुटला किंवा झालरींवर धरलेली गुठळी सुटली, तर ती थेट मेंदूकडे जाऊ शकते. गोळीने फार तर गुठळीला आळा बसेल; गाठीचा तुकडा तिने विरघळत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ७२५ रुग्णांच्या आढाव्यात गाठीचे हलणे हाच मृत्यूचा किंवा तुकडा वाहून जाण्याचा स्वतंत्र निदर्शक ठरला होता. त्यामुळे हृदयाच्या डाव्या बाजूच्या (महाधमनीची झडप याच बाजूला असते), हलणाऱ्या, सेंटिमीटरभर गाठीसाठी, प्रकृती झेपणारी असेल तर, मीही शस्त्रक्रियाच सुचवेन.

उत्तर २ :
माझ्या यजमानांना आधी पक्षाघात झाला आणि कारण मागाहून कळले. सकाळी चहाची कपबशी उजव्या हातातून निसटली आणि त्यांना शब्द फुटेना. मानेच्या रक्तवाहिन्या स्वच्छ होत्या, ईसीजी नियमित होता, छातीवरून केलेल्या इकोतही काही आढळले नाही. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत मात्र गाठ दिसली. शल्यविशारदांनी झडप न बदलता गाठ तेवढी खरवडून काढली. नंतर त्यांनी ती आम्हाला पाण्याच्या बाटलीत दाखवली, तेव्हा मिटलेल्या झालरी समुद्रफुलासारख्या उमललेल्या होत्या. हात आता बराच सुधारला आहे, परंतु सही अजून पूर्वीसारखी येत नाही. आपल्या आईंची गाठ त्याआधीच सापडली, याचे मला फार समाधान वाटते.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. गुडघ्याची शस्त्रक्रिया आधी उरकता येईल का?

उत्तर १ :
तातडीची नसेल तर ती पुढे ढकलावी. शिवाय हृदयाच्या रक्तवाहिन्या सीटी अँजिओग्राफीने तपासता येतील का, हे शल्यविशारदांना अवश्य विचारावे, कारण नेहमीच्या अँजिओग्राफीची नळी महाधमनीच्या झडपेजवळ न्यावी लागते आणि तिचा धक्का गाठीला लागू शकतो.