कोकण किनारा आणि चाकांवरचं घर : आपापले अनुभव लिहा

मंडळी, दिवाळीनंतर आम्ही दोघं रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्गाने २२ दिवस जाऊन आलो. गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. मागच्या सीटा काढून आत पलंग आणि ओटा, खाली ७० लिटरची पाण्याची टाकी बसवून घेतलेली. निघण्यापूर्वी जे वाचायला मिळालं ते बहुतेक परदेशातलं होतं. तिथे गाडी लावली की खांबावर वीज, नळाला पाणी, सांडपाण्याला वेगळी सोय. आपल्याकडे २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं खरं, पण किनाऱ्यावर आमच्या बहुतेक रात्री कुणाच्या तरी अंगणात, त्यांच्या परवानगीनेच गेल्या. म्हणून हा धागा. जागा, पाणी, वीज, शौचालय, रस्ते, जे ज्याला सोसून कळलं ते लिहा.

सुरुवात मी करते. खाड्या ओलांडायला आम्ही जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या नेणारी बोट, घेतली: आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडले, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे, नाहीतर खाडीला लांबलचक वळसा. वेश्वीला आम्ही पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. बोट खाली गेलेली, त्यामुळे धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात चांगलाच कोन झालेला. पुढची चाकं फळीवर चढली आणि मागून करकर आवाज आला. आमची टाकी मागच्या चाकांच्याही मागे, खाली टांगलेली होती. तिचा नळच उपटला. सकाळीच भरलेलं पाणी उतारावरून खाडीत गेलं. बोटीवरच्या मुलांनी चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवून गाडी वर घेतली, नाहीतर टाकीही गेली असती. मागचा भाग लांब असलेल्या गाडीने पाणी चढलेलं असतानाच बोटीवर जावं.

तारकर्लीहून

ताई, तुमचो नळ गेलो, हयसर लोकांच्यो अख्ख्यो गाडयो जातत. (पुढे सगळ्यांना कळेल असं लिहितो.) माझं घर किनाऱ्याला लागून आहे. दर हंगामात दोन-तीन गाड्या तरी आम्ही ओढून काढतो. ओहोटीला ओली वाळू सिमेंटसारखी कडक दिसते, माणूस आत गाडी घालतो, फोटो काढतो. परतताना वरची कोरडी वाळू लागते आणि चाक जागच्या जागी फिरून खड्डा करतं. तोवर भरती. खारं पाणी एकदा इंजिनात शिरलं की ती गाडी पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. पुनव-अवसेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, आणि त्या दिवसांत उधाण असतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी कमी चढतं. हा अंदाज आहे, थोडाफार फरक धरा. मागच्या पौर्णिमेला एक कुटुंब सुरूच्या झाडांपुढे गाडी लावून जेवायला बसलं होतं. माझी आई वाटेवरूनच ओरडली, "थंय गाडी लावू नकात, आज उधाण आसा!" त्यांनी ऐकलं म्हणून वाचले.

रुतलीच तर एक्सलरेटर दाबू नका. टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकापुढची वाळू हाताने काढा, माडाच्या झावळ्या दाट पसरा आणि पहिल्या गिअरवर सावकाश निघा. रस्त्यावर आलात की आधी हवा भरा.

पुण्याहून, कोकणात सहावा हिवाळा

विजेबद्दल. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी, छतावर ३०० वॉट सोलर. छोटा फ्रिज, पंखा, दिवे, दोन फोन यांना दिवसाला साधारण एक युनिट लागतं, तेवढं हिवाळ्याच्या उन्हात भरून निघतं. अडचण वेगळीच आहे. सोलरला ऊन हवं आणि आतल्या माणसाला सावली, आणि कोकणात सावली म्हणजे माड. गुहागरला माझ्या पॅनलवर नारळ पडला. काच अशी तडकली की नुसतं बोट लावलं तरी कण निघत होते. आत झोपलेल्या मुलाला वाटलं छत कोसळलं. तेव्हापासून मी एक पॅनल सुटा ठेवलाय, दहा मीटर वायरला. गाडी आंब्याखाली, पॅनल अंगणात. नारळ पाडून घेतलेले आहेत का, हे घरमालकाला विचारल्याशिवाय माडाखाली गाडी लावत नाही.

दुसरं, खारा वारा. चार दिवसांत पॅनलवर पांढुरका चिकट थर बसतो. पहाटे दव असतानाच ओल्या फडक्याने पुसला तर ओरखडे पडत नाहीत. परतल्यावर गाडीचं बूड गोड्या पाण्याने धुवायचंच. पहिल्या वर्षी मी आळस केला आणि दाराच्या बिजागऱ्या गंजून गेल्या.

आईला घेऊन फिरणारी

माझी आई ७४ वर्षांची. रात्री दोनदा उठावं लागतं, म्हणून गाडीत कॅसेट टॉयलेट घेतलं, खालची छोटी टाकी (कॅसेट) काढून रिकामी करायची असते ते. ते रिकामं कुठे करायचं हा प्रश्न मला पहिल्यांदा फार लाजवायचा. आता जिथे जेवायचं त्या घरगुती खाणावळीत आधीच मोकळेपणी विचारते: शौचालयात ओतलं तर चालेल का, नंतर मी धुऊन देईन. बहुतेक जण हो म्हणतात. त्यांचं शौचालय सेप्टिक टँकचं असतं, त्यामुळे कॅसेटमध्ये फिनाइल घालायचं नाही, टाकीतले जंतू मरतात. खाडीत किंवा झाडीत ओतणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग येतो. त्याच खाडीतल्या कालवं-तिसऱ्यांवर इथल्या बायकांचं घर चालतं.

पाण्याचंही तसंच. इथे ३००० मिलिमीटरवर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांच्या विहिरी तळाला जातात. अशा वेळी कुणाच्या विहिरीवर ७० लिटर मागू नये. देवगडजवळ एका आजींनी आम्हाला दोन कळशा दिल्या, तेव्हा त्यांच्या माजघरात भरलेल्या एकूण चारच होत्या. आम्ही एक परत ओतली. आता उन्हाळ्यात मी तालुक्याच्या गावीच टाकी भरून पुढे जाते.

रत्नागिरीहून, थोडक्यात

फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप. आमच्या कातळावर भरपूर. रात्री गाडीतून उतरताना बॅटरी हातात, पायात बूट, आणि बाहेर ठेवलेली चप्पल झटकूनच घाला. चावलं तर कापाकापी, दोरी बांधणं काही नको. पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना.

चिपळूणहून

पावसात येऊ नका असं मी म्हणणार नाही, कोकण खरं तेव्हाच दिसतं. पण नदीकाठी रात्र काढू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं ते आम्ही वरच्या मजल्यावरून पाहिलं. रस्त्यावरच्या गाड्या वाहत एकमेकींवर चढत होत्या. घाट उतरायचा तो दिवसाउजेडी, आणि कुंभार्ली असो की करूळ, दरडीची चौकशी वर असतानाच करून. आणखी एक: गादी सरळ प्लायवर टाकू नका. खाली फटी असलेल्या पट्ट्या हव्यात. जुलैमध्ये आठवड्यात गादीच्या पोटाला हिरवी बुरशी येते आणि तो वास जात नाही.

वेळासला गेलेले आम्ही चौघं

फेब्रुवारी ते एप्रिल कासवांची पिल्लं समुद्राकडे जातात, उजेडाने ती वाट चुकतात. आम्ही गाडी गावातच ठेवली. मुलांनी आपणहून खिडक्यांना चादरी लावल्या.

पुन्हा मी

एकाने विचारलंय म्हणून: हो, गाडीत बदल केले की ते आरटीओकडून मंजूर करून आरसीवर नोंदवावे लागतात. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा अडू शकतो. आणि स्वयंपाकाच्या गॅसची टाकी आत असेल तर जमिनीलगत एक भोक हवंच, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो.

आमची पाण्याची टाकी आता पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये घेतली आहे. त्रयोदशीला पुन्हा निघतोय. तेरा पाऊणे पावणेदहा, म्हणजे सकाळी साडेनऊला वेश्वीच्या धक्क्यावर.